मुंबईत पाहिलेली सावड



एरवी मी तुमच्याशी बोलतो ते बेण्याबद्दल, खताच्या मात्रेबद्दल, नाहीतर कांद्यावरच्या करप्याबद्दल. तीस वर्षे विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडलो, बी.एस्सी. ॲग्री झालो तेही याचसाठी. पण आज पिकाचे काही सांगणार नाही. आज बिबट्याबद्दल बोलायचे आहे. बिबट्यापेक्षाही जास्त, तुमच्या-माझ्याबद्दल.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे 2025 साली, आमच्या भागातल्या एका वस्तीवर मला बैठकीला बोलावले. दिवस कसले होते ते तुम्हाला ठाऊक आहे. शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन जीव गेले होते. त्यांत दोन लेकरे होती आणि एक म्हातारी माउली. लोकांनी रस्ता अडवला, वनखात्याच्या पथकाने एक बिबट्या गोळी घालून मारला, तरी कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड, जिथे जावे तिथे हीच गोष्ट.

मारुतीच्या देवळात बैठक भरली. माणसे दाटून बसली होती. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवीत होता. हा म्हणे, हे वनखात्याचे काम. तो म्हणे, रात्री वीज देता म्हणून आम्हाला अंधारात दारे धरायला जावे लागते. कोणी ग्रामपंचायतीला बोलले, कोणी कारखान्याला. माझ्याकडे पाळी आली तेव्हा मीही तेच केले. म्हणालो, "मंडळी, मी शेतीखात्याचा माणूस. बिबट्या माझ्या खात्यात येत नाही."

मागच्या बाजूला एक बाई उभी होती. कडेवर धाकटे, हाताशी थोरला. ती म्हणाली, "साहेब, ऊस लावा म्हणून सांगायला तुम्हीच आला होता. आता या उसातून माझं पोर शाळेला कसं जाईल, तेवढं सांगा."

मला उत्तर देता आले नाही. घरी आलो, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बाई खोटे काय बोलली होती? कुकडीचे पाणी आले, तसा आपल्याकडे ऊस वाढला. तो वाढावा म्हणून मी शिबिरे घेतली, सरीतले अंतर सांगितले, टनाचे आकडे सांगितले. वर्षभर उभे राहणारे गर्द पीक म्हणजे जनावराला लपायला आयते रान, हे एकाही शिबिरात माझ्या तोंडून निघाले नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती आजवर मी कोणाजवळ बोललो नव्हतो. 2002 साली एका गावात बिबट्याने शेळ्या मारायला सुरुवात केली. गावकऱ्यांना अर्ज लिहून हवा होता. शिकलेला माणूस म्हणून त्यांनी मला गाठले. पिंजरा लावा आणि जनावर येथून लांब नेऊन सोडा, असा कडक अर्ज मी लिहून दिला. पिंजरा लागला, जनावर अडकले, गाडीत घालून नेले. पोरांनी फटाके वाजवले. मला नारळ दिला. दोन महिने गेले नाहीत तोच त्याच शिवारात दुसरा बिबट्या फिरू लागला.

हा प्रकार एकट्या त्या गावाचा नव्हता. डॉ. विद्या अत्रेय या संशोधिकेने पुढे जुन्नर भागाचा हिशेब मांडला. 2001 पासून दोन-तीन वर्षे आपल्याकडचे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. हे सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. कारण ऐकले तर तुम्हाला पटेल. बिबट्याची हद्द ठरलेली असते. एक काढला की मोकळ्या जागेत दुसरा येतो. ज्याला नेऊन सोडले, तो बिथरतो, अनोळखी मुलखात भलतीकडे शिरतो, नाहीतर घरची वाट धरतो. खुंट्यावरचे जनावर बाजारात विकले तरी दावे तोडून माघारी येते, हे आपण पाहिलेले आहे. मग रानच्या जनावराचे काय सांगावे! तेव्हा हे कोणालाच उमगलेले नव्हते. पण नारळ घेतला होता तो मी.

डिसेंबरात भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेलो. माझी थोरली बहीण मुलुंडला राहते. तिला मी आक्का म्हणतो. दाजी भांडुपच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. घर अगदी डोंगराच्या पायथ्याशी. गच्चीत उभे राहिले की पुढे सगळे हिरवे रान. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, जुन्या लोकांचे बोरिवलीचे नॅशनल पार्क.

तुमच्यापैकी कितीकांची मुले-भाऊ मुंबईला असतील, पण हे रान थोड्यांनीच पाहिले असेल. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जंगल आहे ते. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव. पूर्वेला मुलुंड, भांडुप. वरच्या अंगाला ठाणे. मध्ये विहार आणि तुळशी हे तलाव. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा. आजही मुंबई त्यांचे पाणी पिते. दक्षिणेला लागून आरे कॉलनी. 1949 साली शहरातल्या म्हशींचे गोठे बाहेर काढून तेथे वसवले. दुधाची गाडी म्हटले की जुन्या मुंबईकराला अजून आरे आठवते. त्या रानात आणि आरेत वारली बांधवांचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि या सगळ्यांच्या मध्ये, चोहोबाजूंनी लक्षावधी माणसे असताना, बिबटे राहतात. 2015 साली पडद्याआड लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी मोजदाद केली, तेव्हा तेथे पस्तीस बिबटे निघाले.

संध्याकाळी आक्काने मला ताकीद दिली, "भाऊ, जेवल्यावर एकटा फिरायला जाऊ नकोस. जायचं तर दाजींना घे, आणि बॅटरी घे." मी म्हटले, "आक्का, मुंबईत येऊनही तेच का?" ती हसली. पण मी निरखून पाहिले. खालचा कचऱ्याचा डबा झाकणाचा होता आणि तो भरून वाहत नव्हता. मागच्या भिंतीला दिवे होते. राखणदार काठी आपटीत, मोबाइलवर गाणी लावून फेरी मारीत होता. डोंगराकडच्या पायवाटेवरची पोरे अंधार पडायच्या आत घरात आली होती. कोणी घाबरलेले नव्हते, आणि कोणी गाफीलही नव्हते.

मी विचारले, "हे असं पहिल्यापासून आहे का?"

दाजी म्हणाले, "छे! 2004 साल तू विसरलास?"

विसरलो नव्हतो. 2004 च्या जून महिन्यात या उद्यानाच्या कडेने बिबट्याच्या हल्ल्यांत नऊ-दहा माणसे गेली होती, तीही एका महिन्यात. दाजी सांगत होते, त्या दिवसांत लोक काठ्या घेऊन दारात बसत. पिंजरे लावा, सगळे बिबटे हलवा, जंगलाला भिंत घाला, असा ओरडा होता. वर्तमानपत्रांत बिबट्याला खुनी, दरोडेखोर असली नावे पडत. आपल्याकडे आज जे चालले आहे, तेच ते.

मग बदल कशाने झाला? हे मला भाच्याने सांगितले. नवरदेवाचा हा धाकटा भाऊ नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी शाळांतून आणि सोसायट्यांतून बिबट्याबद्दल माहिती सांगायला जातो. पैसा मिळत नाही. मी म्हटले, "मग का जातोस?" तो म्हणाला, "मामा, जंगल आमच्या मागच्या दारी आहे. मी नाही जायचं तर कोणी जायचं?"

2011 साली उद्यानाचे संचालक होते वनखात्याचे सुनील लिमये. त्यांनी आणि डॉ. अत्रेय यांनी एक काम सुरू केले. नाव दिले, 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी', म्हणजे उद्यानासाठी मुंबईकर. त्याच वर्षी केंद्र सरकारनेही बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. बिबट्या दिसला की पकडून दूर सोडणे हा उपाय नव्हे, असा त्यांचा रोख. मुंबईत या लोकांनी काय केले, तर बिबट्याचा प्रश्न एकट्या वनखात्याच्या डोक्यावरून उतरवला आणि पाटावर मांडला. ज्याच्या हातात जे, ते त्याने घ्यावे.

आता पाहा, वाटे कसे पडले. बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यत्वे भटक्या कुत्र्यांसाठी. कुत्री येतात ती कचऱ्यासाठी. कचरा उचलणे वनखात्याच्या हातात नाही, ते महानगरपालिकेचे. बिबट्या एखाद्या चाळीत शिरला की हजार माणसे जमतात. गर्दी हटवणे वनरक्षकाला जमत नाही, ते पोलिसांचे. भुलीचे इंजेक्शन मारणे पोलिसाला येत नाही, ते उद्यानाच्या बचाव पथकाचे आणि डॉक्टरांचे. लोकांच्या मनात काय भरवायचे हे वर्तमानपत्रांच्या हातात, म्हणून पत्रकारांना बोलावून त्यांच्यासाठी कार्यशाळा घेतल्या. बिबटे किती आणि खातात काय, हे शोधणे संशोधकांकडे. शाळेत आणि सोसायटीत जाऊन सांगणे भाच्यासारख्या पोरांकडे. पोरांना निसर्ग शिकवण्याचे काम गोरेगावच्या बाजूला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे केंद्र आधीपासून करीतच होते. ही संस्था 1883 सालची. आणि सोसायटीवाल्यांकडे काय? डब्याला झाकण, भिंतीला दिवा, आणि दिसला बिबट्या तर दगड न मारणे.

यात कोणी कोणाचा साहेब नव्हता. महापालिकेला वनखाते हुकूम देऊ शकत नाही. पोलिसांना संशोधक हुकूम देऊ शकत नाही. पत्रकाराला तर कोणीच देऊ शकत नाही. प्रत्येकाने आपला वाटा आपणहून उचलला. भाचा हे सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे माझ्या वडिलांचे शेत उभे राहिले.

वाचकहो, ही तर आपली सावड! तुमच्यातल्या जाणत्यांना आठवत असेल. आज माझी खुरपणी, उद्या तुझी. मजुरीचा पैसा मध्ये नाही, कागद नाही, सही नाही. ज्याच्याकडे बैल त्याने बैल आणायचा, ज्याच्याकडे नुसते हात त्याने हात. इर्जिकीला तर सारा गाव औते घेऊन एकाच्या शेतात उतरायचा आणि घरधनीण सगळ्यांना जेवायला घालायची. आपल्याच पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी बांधव पडकई करीत, डोंगरउतारावरची भाताची खाचरे दहाजण मिळून बांधत. गाव करील ते राव काय करील, हे आपलेच बोल. आपण ट्रॅक्टर आला तशी सावड सोडली. आणि मुंबईसारख्या शहरात, जिथे शेजाऱ्याचे नाव शेजाऱ्याला ठाऊक नसते असे आपण म्हणतो, तेथे ती बिबट्यासाठी मांडलेली मी पाहिली.

सावडीचे फळ काय? 2004 सारखा महिना मुंबईत पुन्हा आला नाही. हे एकट्या या कामाने झाले असे मी म्हणणार नाही. बिबटे उचलून इकडचे तिकडे टाकणे थांबले, हेही मोठे कारण. पण बिबटे कमी झाले म्हणून हल्ले कमी झाले, असे नक्कीच नाही. बिबटे आहेत तेथेच आहेत.

आक्काने 2018 च्या जानेवारीतली गोष्ट सांगितली. मुलुंड पूर्वेला नाणेपाड्यात सकाळी बिबट्या शिरला. सहा माणसे जखमी झाली. आमचे दाजी बघायला धावलेच होते, आक्काने सदऱ्याला धरून थांबवले. पोलीस आले, उद्यानाचे पथक आले, भुलीचे इंजेक्शन दिले आणि जनावर धरून नेले. माणूस मेला नाही आणि बिबट्याही मेला नाही. आक्का म्हणाली, "भाऊ, बघायला जाणाऱ्यांनीच जास्त घात होतो. बिबट्याला वाट दिली तर तो आपला आपण जातो."

आपल्या आणि मुंबईच्या बिबट्याचे नाते किती जवळचे आहे, त्याचीही एक गोष्ट आहे. 2009 च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वयस्क आणि शांत जनावर. वनखात्याने आणि डॉ. अत्रेय यांच्या मंडळींनी त्याला बाहेर काढले, गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटाच्या जंगलात सोडले. नाव ठेवले आजोबा. आजोबा कोठे गेला असेल? घाट उतरून, वस्त्या, हमरस्ते, रेल्वेचे रूळ ओलांडीत, महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून तो मुंबईच्या रानापाशी पोहोचला. वाटेत एकाही माणसाला त्याने दुखवले नाही. रात्री चालायचा, दिवसा दडायचा. 2011 च्या डिसेंबरात अहमदाबाद रस्त्यावर गाडीच्या धडकेने तो मेला. पुढे 2014 साली त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला. पारनेरच्या विहिरीतला बिबट्या बोरिवलीच्या रानात जातो, मग पारनेरच्या माणसाचे आणि बोरिवलीच्या माणसाचे काम वेगळे कसे राहील?

मात्र मी तुम्हाला मुंबईचे नुसते गोडवे गाणार नाही. भाच्याने मला एके सकाळी आरेत नेले. एका पाड्यावर शेणाने सारवलेल्या अंगणात आम्ही बसलो. त्या घरची म्हातारी म्हणाली, "वाघोबा आमचा देव. त्याचं तो राहतो, आमचं आम्ही राहतो." वारली बांधव वाघबारशीला वाघोबाची पूजा करतात. ध्यानात घ्या, आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो तो दिवसही तोच, आश्विन वद्य द्वादशी. आपल्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी बांधवही त्या दिवशी वाघाला पुजतात. एका दिवशी गाय आणि वाघ दोघांना नमस्कार करणाऱ्या माणसांना काही कळत होते, असे मला त्या अंगणात बसून वाटले.

पण त्याच आरेत 2022 साली, ऐन दिवाळीच्या पहाटे, सोळा महिन्यांच्या एका मुलीला बिबट्याने नेले. दिव्यांच्या सणाला एका घराचा दिवा विझला. त्याआधी 2021 सालीही तेथे लागोपाठ हल्ले झाले होते. म्हातारी म्हणाली, "देवावर भार टाकून चालत नाही. रस्त्याला दिवा पाहिजे, घराजवळ संडास पाहिजे, कचरा वेळेवर गेला पाहिजे." सोसायटीत राखणदार असतो, पाड्यात कोण असतो? सावडीत सर्वांत जास्त धोका ज्याच्या वाट्याला, त्याचे ऐकणे सर्वांत आधी झाले पाहिजे. ते मुंबईत सगळीकडे झालेले नाही.

आणखी एक उणे भाच्याने आपणहून कबूल केले. आपखुशीच्या कामाला बांधून ठेवणारा दोर नसतो. साहेबांची बदली होते, नव्या साहेबाला पहिल्यापासून सांगावे लागते. चार वर्षे काही घडले नाही की लोक सैल पडतात, डब्याचे झाकण उघडे राहते, कुत्री परत जमतात. "मामा," तो म्हणाला, "हे काम एकदा करून संपत नाही. दरवर्षी नव्यानं करावं लागतं." मी म्हटले, "अरे, खुरपणी तरी एकदा करून कुठे संपते?"

गावी आलो आणि संक्रांत झाल्यावर त्याच देवळात पुन्हा बैठक घेतली. या वेळी मी बोलावली. सुरुवातीलाच 2002 च्या अर्जाची गोष्ट सांगितली. नारळाची सुद्धा. देवळात सगळे गप्प बसले. मग म्हटले, "दुसऱ्याने काय करावे हे आज कोणी सांगायचे नाही. आपल्या हातात काय आहे, तेवढेच प्रत्येकाने सांगायचे. माझ्यापासून सुरुवात करतो."

माझा वाटा असा. घराला आणि शाळेच्या वाटेला लागून ज्यांचा ऊस आहे, त्यांची यादी मी केली. घराकडच्या चार-सहा सऱ्या मोकळ्या सोडा, तेथे भुईमूग, हरभरा, भाजीपाला, बुटके चारापीक असले काही घ्या, म्हणजे नजर पोहोचेल. किती तोटा होईल आणि भाजीत किती भरून निघेल, याचा हिशेब प्रत्येकाच्या बांधावर बसून मांडून दिला. आठ जणांनी मान्य केले. तिघांनी नाही केले. त्यांच्यावर रागावलो नाही. सावडीला ओढून आणता येत नाही.

पोल्ट्रीवाल्या तरुणाने सांगितले, मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकणार नाही, खड्डा करून पुरीन. खरे म्हणजे त्या ओढ्याला कुत्री का जमतात, हे सगळ्यांना ठाऊक होते, बोलत कोणी नव्हते. दूध गोळा करणाऱ्याने पहाटेच्या संकलनाची वेळ उजाडल्यावर धरली. बचत गटाच्या बायकांनी वाटेवरची घाणेरी तोडली. ऊसतोडीच्या मुकादमाने कबूल केले की फडाच्या मधोमध तोड सुरू न करता एका कडेने करायची, म्हणजे जनावराला दुसऱ्या अंगाने निघायला वाट राहते. आणि टोळीची लेकरे फडाच्या कडेला एकटी झोपवायची नाहीत. शाळेच्या गुरुजींनी पोरांचे घोळके ठरवून दिले. वनखात्याचा तरुण वनरक्षक आला होता. तो म्हणाला, फडात बछडे सापडले तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका, आम्हाला कळवा. बछडे त्याच जागी सुरक्षित ठेवले तर रात्री आई येऊन घेऊन जाते. आपल्या माणिकडोहच्या निवारा केंद्रातली मंडळी आणि वनखाते मिळून हे काम बरीच वर्षे करीत आहेत. वनखात्याचा फोन क्रमांक 1926 शाळेच्या भिंतीवर रंगवला.

दिवसा वीज मिळावी हा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. तो मीच लिहिला. तो मंजूर होईपर्यंत रात्री दारे धरायला एकट्याने जायचे नाही, दोघांनी जायचे, ही सावड मात्र त्याच रात्री सुरू झाली.

माझी एक विनंती आहे, शेतकरी बंधूंनो. मुंबईच्या बिबट्याला पाठीशी जंगल आहे. आपल्या बिबट्याचा जन्मच उसात झालेला आहे. म्हणून तेथले औषध येथे जसेच्या तसे लागू पडेल असे समजू नका. जो बिबट्या माणसाच्या मागे लागला आहे, त्याचा बंदोबस्त वनखात्याने केलाच पाहिजे, त्यात दयामाया नको. पण अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात डॉ. अत्रेय यांनीच मोजणी केली, तेव्हा दर शंभर चौरस किलोमीटरला पाचएक मोठे बिबटे निघाले, आणि माणसे तेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक. तरीही तेथे बिबट्याने माणूस मारल्याची नोंद त्यांना आढळली नाही. म्हणजे बिबट्या आहे तेथे मरण आहेच, असे नाही. मध्ये माणसाची रीत येते.

त्या बाईला मी अजून पुरते उत्तर दिलेले नाही. परवा सकाळी तिच्या वस्तीवरून गेलो. अकरा पोरे ओळीने शाळेला निघाली होती. पुढे एक आजोबा काठी घेऊन, मागे बचत गटातली एक बाई. वाटेच्या कडेचा ऊस सहा सऱ्या मागे सरला होता आणि तेथे हरभरा उगवून आला होता. बाई दारात उभी होती. मी हात जोडले. ती म्हणाली, "साहेब, आज पाळी त्यांची आहे. उद्या माझी."

तुमच्या गावातही असे देऊळ असेल, अशी वाट असेल. बैठक बोलवा. बोट दुसऱ्याकडे न दाखवता, आपला वाटा आधी बोला. आणि काय ठरले ते मला कळवा.